शाकारणीपासून मस्टरपर्यंत

मे महिन्याचा शेवटचा आठवडा खानवेलच्या परिसरात घाईचा असतो. राब भाजून झालेले असतात, लाकूडफाटा पावसाच्या आत घरात घ्यायचा असतो आणि छपरावर एकदा तरी चढावंच लागतं. दादरा नगर हवेलीच्या या दक्षिण टोकाला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मेमध्ये बुजवायचं राहिलेलं भोक जुलैत बुजवता येत नाही. घर शाकारण्याची ही धांदल चालू असते, त्याच दिवसांत शाळा-कॉलेजांची गंजलेली कुलपंही रॉकेलचे थेंब सोडून उघडली जातात. नवं वर्ष येतं ते पावसाबरोबर, आणि त्याच्या आधी जे काही करायचं ते शिपायाला करायचं असतं.

या कामाचा इतिहास कुणी सलग लिहिलेला नाही. कॉलेजच्या स्मरणिकेत संस्थापक असतात, प्राचार्य असतात, देणगीदार असतात. पण कौलारू इमारतींच्या काळात पहिल्या दिवशी वर्ग कोरडा मिळायचा, तो कुणीतरी आधी कौलं चाळलेली असायची म्हणून. कौलं चाळणं हे दिसतं तितकं सोपं नव्हे. वर्षभरात माकडांनी फोडलेली, वाऱ्यानं सरकलेली कौलं एकेक उचलायची, खालची रीप कुजली आहे का ते पाहायचं आणि पुन्हा एकावर एक बसवत यायचं. पाय कौलावर न देता वाशाच्या रेषेवरच द्यायचा. हे ज्याला जमायचं, त्याच्यासाठी मुख्याध्यापकही थांबून राहायचे.

तसंच फळ्याचं. आता पांढरे बोर्ड आणि पडदे आले. पण लाकडी फळ्याच्या दिवसांत तो दर वर्षी काळा करावा लागे. टॉर्चचे संपलेले सेल फोडून त्यातली काळी पूड काढायची, वस्त्रगाळ कोळसा तिच्यात मिसळायचा, हिरव्या पाल्याच्या रसात ते कालवायचं आणि फडक्यानं फळ्यावर चोळत न्यायचं. एक हात वाळला की दुसरा. दमट हवेत हा लेप वाळत नाही, म्हणून पहिल्या सरीच्या आत फळे उन्हात ओळीनं टेकून ठेवलेले असायचे. काम करणाऱ्याची बोटं पुढे आठवडाभर काळी राहायची. ती बोटं पाहिली की शाळा उघडणार हे मुलांना कळायचं.

मात्र छप्पर शाकारणं, ओझी वाहणं, अंगण सारवणं ही कामं या पट्ट्यात नेहमीच अशा मानानं केली जात नव्हती. डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतल्या वारल्यांसाठी ती वेठ होती. जमीनदाराचं घर असो की सरकारी माणसाचा मुक्काम, हाक आली की आपलं छप्पर अर्धं सोडून जायचं आणि मोबदल्याचं नाव काढायचं नाही. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही सावकाराच्या घरी राबत. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. एवढा नेमका शब्द भाषेत रुळतो तेव्हा ती पद्धत किती खोल गेलेली असेल, याचा अंदाज बांधता येतो.

२३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावात हजारो वारली जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकर किसान सभेच्या वतीनं तिथे होते. यापुढे वेठ करायची नाही, असा निर्धार त्या सभेत झाला. तारखेकडे लक्ष दिलं पाहिजे. पावसाला दोन-तीन आठवडे उरलेले, म्हणजे फुकटच्या कामाची हाक सगळ्यात जास्त येण्याचे दिवस. त्या वर्षी ज्यांनी ‘येणार नाही’ म्हटलं, त्यांनी ते ऐन गरजेच्या वेळी म्हटलं. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात जेठ्या गांगड हा वारली मारला गेला. गोदावरीबाईंनी हा सगळा लढा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला; त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आणि त्याच १९४५ साली, याच पट्ट्यातल्या बोर्डीला, ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. या दोघींनी शाळेची तयारी या शब्दाचा अर्थच बदलला. कोसबाडला तयारी म्हणजे आधी मूल शोधणं. पोर शाळेत येत नसेल तर बाईंनी पाड्यावर जायचं, कुणाचं तरी अंगण झाडायचं, मुलांचे हात-पाय धुवायचे, नखं काढायची, केस विंचरायचे आणि तिथेच अंगणवाडी मांडायची. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, कारण गुरं सोडून मूल येणार नव्हतं आणि मुलाच्या मजुरीवाचून घर चालणार नव्हतं. साहित्यही तिथलंच होतं: शिंपले, बिया, पानं, खडे. आठवडाभर आधी ते गोळा करून, धुऊन, वेगवेगळं करून ठेवावं लागे, आणि तेही काम शिकवणाऱ्यांनीच करायचं होतं.

झाडू मारणारा हात आणि अक्षर गिरवून घेणारा हात एकच असल्यामुळे झाडण्याचं काम कमीपणाचं राहिलं नाही. कोसबाडच्या शिक्षणप्रयोगांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण वेठीच्या प्रदेशात बाईंनी स्वतः अंगण झाडलं, ही गोष्ट त्यांच्या प्रयोगांइतकीच मोठी आहे. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं तेव्हा ‘कमवा आणि शिका’ या योजनेत हाच विचार कॉलेजच्या पातळीवर आला. श्रम करणारा आणि शिकणारा एकच असू शकतो, हे तिथल्या विद्यार्थ्यांनी शेतात राबून दाखवलं.

झरीत आणि कोसबाडला हे घडत होतं तेव्हा खानवेल पोर्तुगीजांकडे होतं. मराठ्यांशी झालेल्या १७७९ च्या तहानंतर नगर हवेलीची ७२ गावं १७८३ मध्ये त्यांच्या ताब्यात गेली आणि जवळजवळ १७१ वर्षं तशीच राहिली. १९५४ च्या पावसाळ्यात हे संपलं. २२ जुलैला दादरा, २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालं. या मोहिमेत सुधीर फडके, राजा वाकणकर, नाना काजरेकर ही मराठी मंडळी होती. सिल्वासा हातचं जाताना पोर्तुगीज अधिकारी कॅप्टन फिदाल्गो पोलिसांची तुकडी घेऊन खानवेलकडे सरकला आणि ११ ऑगस्टला सीमेपलीकडे उधव्याला भारतीय बाजूच्या स्वाधीन झाला. भर पावसातली, चिखलातली ती माघार. नगर हवेलीतला पोर्तुगीज अंमल खऱ्या अर्थानं संपला तो खानवेलच्या रस्त्यावर.

पुढची सात वर्षं स्थानिक लोकांच्या वरिष्ठ पंचायतीनं कारभार चालवला आणि ११ ऑगस्ट १९६१ ला हा प्रदेश भारतात रीतसर सामील झाला. त्यानंतरच्या पहिल्या शिरगणतीत लोकसंख्या ५८ हजारांच्या आत भरली आणि साक्षरता दहा टक्क्यांच्याही खाली. म्हणजे दहा माणसांतल्या नवांना सही येत नव्हती. १९७१ मध्ये साक्षरता १४.९७ टक्के, १९९१ मध्ये ४०.७१ आणि २०११ मध्ये ७६.२४ टक्के झाली. हे आकडे वाचताना शिक्षक डोळ्यांसमोर येतात, आणि ते यावेतच. पण पाड्यापाड्यावर उभ्या राहिलेल्या प्रत्येक वर्गखोलीला एक दार होतं, ते जूनमध्ये उघडणारं कुणीतरी होतं, आणि तो माणूस बहुतेक वेळा त्याच गावचा होता. मुलांच्या बोलीत बोलणारा शाळेतला पहिला माणूस तोच. गुजराती, मराठी, हिंदी, इंग्रजी अशा चार माध्यमांच्या शाळा एवढ्याशा ४९१ चौरस किलोमीटरच्या प्रदेशात चालतात. घरी वारली किंवा कोकणा बोलणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी कुठल्या खोलीत जायचं, हे दारातच सांगावं लागतं.

आता दप्तराकडे वळू. इमारतीची तयारी शिपायाची, तशी कागदांची तयारी कारकुनाची. जनरल रजिस्टर उन्हात घालायचं, वाळवी लागली आहे का पाहायचं, कपाटात डांबरगोळ्या टाकायच्या, हजेरीपट आखायचे, डेड स्टॉकच्या वहीशी बाकं आणि खुर्च्या ताडून पाहायच्या. लहान कॉलेजात ही सगळी कामं दोघा-तिघांत वाटलेली असतात आणि ऐन प्रवेशाच्या दिवसांत तेच खिडकीवरही बसतात. सिल्वासाच्या एसएसआर महाविद्यालयाची संलग्नता पुणे विद्यापीठाशी. डोंगरापलीकडच्या जव्हार आणि तलासरीच्या कॉलेजांना मुंबई विद्यापीठाचं वेळापत्रक. विद्यापीठ दूर असलं की कारकून आणखी महत्त्वाचा होतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला यांतलं काय कमी आहे आणि ते कुठून आणायचं, हे पाड्यावरून आलेल्या मुलीला त्या खिडकीत बसलेला माणूस सांगतो. त्यानं नीट सांगितलं तर ती दुसऱ्या दिवशी परत येते. तो वस्सकन अंगावर आला तर येत नाही, आणि हे कुठल्याच रजिस्टरात उमटत नाही.

या रजिस्टरांनी महाराष्ट्राला एक जन्मतारीख दिली आहे: १ जून. ज्या घरांत जन्माची नोंद नव्हती तिथलं मूल दाखल करताना गुरुजी विचारायचे, पोर केव्हाचं? उत्तर यायचं, अमक्याच्या लग्नाच्या वर्षीचं, किंवा मोठ्या पुराच्या आदल्या साली. गुरुजी पोराकडे पाहून अंदाज बांधायचे आणि शाळा उघडताना त्याची सहा वर्षं पूर्ण भरतील अशी तारीख टाकायचे. एका पिढीतली कितीतरी माणसं अशी कागदावर एकाच दिवशी जन्मली. त्यांतली काही पुढे त्याच शाळा-कॉलेजांत शिपाई किंवा प्रयोगशाळा परिचर म्हणून लागली आणि रोज सकाळी मस्टरवर सही करू लागली.

मस्टरवरची सही ही साधी गोष्ट वाटते. पण ज्याच्या आज्यानं वेठीत छप्पर शाकारलं, तो तेच काम करून महिन्याच्या शेवटी पगार घेऊ लागला, रजा मागू लागला, म्हातारपणी पेन्शन मिळेल असं धरून चालू लागला. महाराष्ट्रात खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा झाला आणि त्याचे नियम १९८१ मध्ये आले. त्यांत शिक्षकांबरोबर शिपायालाही जागा मिळाली. त्याला मनात आलं म्हणून काढून टाकता येणार नाही, हे कायद्यानं कागदावर आलं. तलासरीच्या कॉलेजला आज गोदावरी शामराव परुळेकरांचं नाव आहे. झरी त्याच तालुक्यात येतं. १९६० मध्ये राज्यं वेगळी होताना उंबरगाव गुजरातेत गेलं, आणि झरी-तलासरी इकडे राहिली. वेठ बंद करायला निघालेल्या बाईंचं नाव लावलेल्या इमारतीत दर जूनला कुणीतरी पगारी माणूस दारं उघडतो, यापरतं त्या सभेचं दुसरं स्मारक कशाला हवं?

पण हे टिकेलच असं दिसत नाही. ११ डिसेंबर २०२० रोजी महाराष्ट्र सरकारनं निर्णय काढला की अनुदानित खासगी शाळांतलं शिपायाचं पद, सध्याचा माणूस निवृत्त झाला की व्यपगत होईल, आणि त्याऐवजी शाळेला भत्ता मिळेल. ग्रामीण भागासाठी हा भत्ता महिन्याला ५,००० रुपये. खानवेलला हा निर्णय लागू नाही, कारण ते केंद्रशासित प्रदेशात येतं. पण सीमा ओलांडली की तलासरी, जव्हार, मोखाड्याच्या शाळांना तो लागू आहे. पाच हजारांत जो येईल तो येईल. त्याचं नाव मस्टरवर असणार नाही, रजा नाही, पेन्शन नाही. संस्थांनी आणि संघटनांनी याला विरोध केला, आणि तो केलाच पाहिजे होता. खर्च वाचवायचा म्हणून सगळ्यात खालच्या पायरीवरून सुरुवात करणं अन्यायाचं आहे.

जन्मतारखेचा हिशेबही इथेच येऊन मिळतो. ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेला, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा सेवेचा नियम आहे. त्यामुळे गुरुजींनी १ जून लावून दिलेले सगळे ३१ मेला घरी जातात. महाराष्ट्रात दर वर्षी त्या एका दिवशी निवृत्तांची रांग लागते. शिपायाच्या बाबतीत हा दिवस बरोबर तयारीच्या मधोमध पडतो: कौलं चाळून झालेली, बाकं अंगणात धुवायला काढलेली, फळे अजून लावायचे बाकी. दुपारी नारळ, शाल, दोन भाषणं, चहा. संध्याकाळी तो किल्ल्यांचा जुडगा मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवतो आणि कुठली किल्ली कुठल्या दाराची, कुठलं कुलूप जरा वर उचलून फिरवावं लागतं, ते एकेक करून सांगत बसतो. ऐकून घ्यायला त्याच्या जागी आलेला माणूस तिथे नसतो.