पायलीचे पन्नास आणि एक मोल

एखादी गोष्ट उदंड मिळते, तिचे कुणाला अप्रूप नाही, असे सांगायचे झाले की आपण ‘पायलीचे पन्नास’ म्हणतो. बोल हेटाळणीचा आहे, पण त्यातले गणित मला फार आवडते. पायली हे माप, चार शेरांचे. पन्नास ही मोज. हा वाक्प्रचार दोन तऱ्हांनी वाचता येतो. एका पायलीत पन्नास मावतात, ही एक तऱ्हा. पायलीभर धान्य टाकले की पन्नास हाती येतात, ही दुसरी. पहिल्या वाचनात मापाची मोजेशी गाठ पडते आणि दुसऱ्यात मोलही येऊन मिळते. रसायनशास्त्राच्या उंबरठ्यावर मुले ज्या ‘मोल’पाशी अडतात, त्याची सगळी करामत या गाठीतच आहे.

बालभारतीच्या नववीच्या विज्ञानात या धड्याचे नाव ‘द्रव्याचे मोजमाप’ असे आहे. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होते कोण जाणे, पण याहून नेमका शब्द सापडला नसता. मोजणे म्हणजे एक, दोन, तीन करत नग गणणे. मापणे म्हणजे भांडे भरून किंवा पट्टी लावून परिमाण काढणे. तोलणे तिसरेच, त्याला तराजू लागतो. बोलण्यात ‘मोजणे’ आता सगळीकडे शिरले आहे, जमिनीचीही मोजणीच होते. तरी नोटा आपण मोजतो, मापत नाही. आणि तांदूळ कुणी मोजत बसत नाही. तो मापट्याने, शेराने, अधोलीने मापायचा. जिथे दाणे मोजणे अशक्य, तिथे माप घ्यायचे आणि मापावरून मोज ओळखायची. मोल हे एकक एवढेच करते. फरक दाण्याच्या आकाराचा.

सोनाराची रीत याच्या उलटी होती. त्याची वजने मुळात बिया. गुंज ही गुंजेची बी, आणि मासा म्हणजे संस्कृत ‘माष’, उडीद. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. बिया मोजायच्या आणि त्यावरून वजन सांगायचे. सोनार मोजून तोलतो, रसायनवाला तोलून मोजतो.

गुंजेच्याही खाली उतरायचा प्रयत्न आपल्याकडे झाला होता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वजनांचे कोष्टक सुरू होते ते त्रसरेणूपासून, म्हणजे झरोक्यातून आलेल्या उन्हात तरंगताना दिसणाऱ्या धूलिकणापासून. आठ त्रसरेणूंची एक लिक्षा, तीन लिक्षांची काळी मोहरी, तीन काळ्या मोहऱ्यांची एक पांढरी, सहा पांढऱ्यांचा एक यव, तीन यवांची एक गुंज. गुणाकार करून पाहा, एका गुंजेत 1296 त्रसरेणू येतात. कोष्टक खरे धरले तर एका त्रसरेणूचे वजन मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाजवळ भरते. खरा धूलिकण याहून पुष्कळच हलका. पण दिसणाऱ्या सगळ्यांत लहान कणापासून तोळ्यापर्यंत जिना बांधायचा, ही कल्पना मला विलक्षण वाटते.

आपला ‘रेणू’ त्याच घराण्यातला. संस्कृतात रेणू म्हणजे धूळ, पराग. आणि ‘अणू’ म्हणजे बारीक, पण ते एका बारीक धान्याचेही नाव होते. बृहदारण्यक उपनिषदात तांदूळ, जव, तीळ, उडीद यांच्या यादीत ‘अणू’ आहे. ग्रीक ‘अॅटम’ म्हणजे न कापता येणारा. आपला अणू मात्र पायलीत भरता येण्याजोगा.

पायलीचा मुद्दा शब्दखेळापुरता नाही. पाण्यात हायड्रोजनच्या साधारण आठपट वजनाचा ऑक्सिजन असतो, हे तोलून कळते. पण त्यावरून कण किती ते कळत नाही. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टनने 1808 साली अणुसिद्धांत मांडला, तेव्हा पाण्यात एकास एक असे अणू असतील असे सोपे गृहीत धरले आणि ऑक्सिजनच्या अणूचे वजन निम्म्यावर आले. त्याच्यापाशी तोल होता, मोज नव्हती. 1811 मध्ये इटलीतल्या आमेदेओ आव्होगाद्रोने सुचवले की तापमान आणि दाब तोच असेल तर कोणत्याही वायूच्या सारख्या मापात रेणूंची संख्या सारखीच असते. आपल्या खळ्यावर हे कधी खरे ठरणार नाही. पायलीभर तांदळाचे दाणे आणि पायलीभर वाल यांची संख्या जुळायची नाही. वायूंत जुळते, कारण तिथे दाण्याच्या आकारापेक्षा दाण्यांमधली मोकळी जागा कितीतरी मोठी असते. शून्य अंश सेल्सिअस आणि समुद्रसपाटीचा वायुदाब असताना 22.4 लिटरच्या भांड्यात हायड्रोजन भरा, 2 ग्रॅम भरेल. ऑक्सिजन भरा, 32 ग्रॅम भरेल. वजनात सोळापट अंतर, मोज एकच. आव्होगाद्रोला ही पायली सापडली होती. तिचे ‘पन्नास’ किती, हे त्याला हयातीत कळले नाही. तो 1856 मध्ये गेला. या ‘पन्नास’च्या संख्येला त्याचे नाव द्यावे असे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ झाँ पेरँने सुचवले ते 1909 साली.

आव्होगाद्रोच्या संख्येएवढ्या कणांना आज आपण एक मोल म्हणतो. ‘मोल’ हा शब्द रूढ केला विल्हेल्म ऑस्टवाल्ड या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, 1890 च्या दशकात. त्या काळी ऑस्टवाल्डचा अणूंवर विश्वास नव्हता. त्याच्यासाठी मोल हे केवळ ग्रॅममध्ये मांडलेले सोयीचे वजन होते. पुढे 1909 च्या सुमारास पुरावे पाहून त्याने मत बदलले आणि तसे उघड लिहिले. मोज नाकारणाऱ्या माणसाने घडवलेला शब्द आज मोजेचे एकक आहे, याचे मला दर वेळी नव्याने नवल वाटते.

शब्दाचे मूळ लॅटिन. ‘मोलेस’ म्हणजे अवजड ढीग. त्याचे लघुरूप ‘मोलेक्यूला’, इवलासा ढीग, आणि ‘मोल’ त्याच कुळातला. मराठी ‘मोल’शी त्याचे काही नाते नाही. आपले मोल संस्कृत ‘मूल्य’, प्राकृत ‘मोल्ल’ या वाटेने आले. मोलमजुरी, मोलकरीण, कवडीमोल, मातीमोल ही सगळी त्याची लेकरे. उच्चार जुळला, तो योगायोग. पण रसायनशास्त्रात किमतीची भाषा दुसऱ्या दाराने आलेलीच आहे. ‘व्हॅलन्सी’ हा शब्द ज्या लॅटिन धातूवरून आला, त्याचा एक अर्थ लायक असणे, किंमत असणे असा आहे. मराठीने त्यासाठी ‘संयुजा’ घडवला, किमतीऐवजी जोडणीकडे बघून. संस्कृतात मात्र मोल आणि तोल यांची गाठ जुनी आहे: पाणिनीच्या एकाच सूत्रात (4.4.91) ‘मूल्य’ आणि ‘तुल्य’ हे दोन्ही शब्द सिद्ध होतात. तुल्य म्हणजे मुळात तराजूने जोखलेले.

लॅटिन शब्दाचा अर्थच मराठीत आणायचा, तर माझ्या मते ‘रास’ हाच शब्द. खळ्यावर धान्याची रास असते, आणि तिचेच संस्कृत रूप ‘राशी’ आपण भौतिकशास्त्रात परिमाणाला वापरतो. एक रास पाणी 18 ग्रॅम, एक रास मीठ साडेअठ्ठावन्न, एक रास साखर 342. मुलांना हे लगेच पटेल. ढीग लहानमोठे, दाणे तेवढेच.

किती दाणे? आपल्या जुन्या संख्यानामांची शिडी एकं, दहंपासून चढत अठराव्या पायरीवर परार्धाशी थांबते. एकावर सतरा शून्ये. एका मोलात असे साठ लाख बावीस हजारांहून अधिक परार्ध असतात.

20 मे 2019 पर्यंत मोलची व्याख्या तराजूवर टेकलेली होती. कार्बन-12 या समस्थानिकाच्या 12 ग्रॅममध्ये जितके अणू, तितके कण म्हणजे एक मोल. त्या दिवसापासून आकडाच कायमचा ठरवला गेला: 6.02214076 गुणिले 10 चा 23 वा घात. तेव्हापासून 12 ग्रॅम कार्बन-12 हा अगदी तंतोतंत एक मोल आहे असे व्याख्येने म्हणता येत नाही, ते प्रयोगाने तपासावे लागते. आधी माप पक्के होते आणि पन्नास शोधायचे होते. आता पन्नास पक्के आहेत, पायली तपासायची आहे.