रुपे, रुपया आणि रुप्याचा कारागीर

'रुपया' हा शब्द संस्कृत 'रूप्य' या शब्दापासून आला, हे आपण विद्यार्थ्यांना सहज सांगून जातो. परंतु नाणे आणि दागिना ही एकाच धातूची दोन रूपे होती, आणि त्या दोहोंच्या मध्ये बसलेला कारागीर हा आपल्या आर्थिक इतिहासातील एक महत्त्वाचा पुरुष होता, याचा विचार क्वचितच होतो. टांकसाळींचा इतिहास लिहिला गेला. बागेसरीपुढे बसून तोडे-वाळे घडविणाऱ्याचा मात्र बव्हंशी लिहावयाचा राहिला आहे.

या इतिहासाकडे पाहण्यास सुरतेइतके सोयीचे ठिकाण दुसरे नाही. हिंदुस्थानात रुप्याच्या खाणी फार थोड्या. सतराव्या शतकात मेक्सिको व पेरू येथील खाणींतून निघालेली चांदी युरोपीय व्यापाऱ्यांच्या गलबतांतून सुरत बंदरात उतरे आणि तेथील मोगली टांकसाळीत तिचे रुपये पडत. शिवाजी महाराजांनी १६६४ व १६७० मध्ये याच शहरावर स्वारी केली, ती येथे साठलेल्या संपत्तीसाठीच. पुढे बंदर ओसरले, तरी चांदीची तार ओढण्याची कला येथे टिकली. येवल्याच्या पैठणीला जर पुरविणारे शहर म्हणून महाराष्ट्र सुरतेला आजही ओळखतो. उधना आणि सचीन या स्थानकांच्या मध्ये असलेल्या भेस्तानच्या परिसरात खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली अनेक कुटुंबे राहतात. त्यांतील वृद्ध स्त्रियांच्या अंगावरचे रुपे हा त्या प्रदेशाच्या इतिहासाचा अलिखित दप्तरखानाच होय.

सोने पायात घालू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. त्यामुळे पैंजण, तोडे, वाळे, जोडवी, मासोळ्या हे सारे क्षेत्र रुप्याचे झाले. ज्यांना सोने परवडत नसे, त्यांचा तर सगळाच संचय रुप्याचा. सुगीत घडवावे आणि दुष्काळात मोडावे, अशी ही कुणब्याची पेढी होती. या व्यवहारात धातू गिऱ्हाइकाचा असे. हत्यारे, अग्नी आणि हात कारागिराचे. गिऱ्हाईक पुष्कळदा समोर बसून आपला दागिना घडताना पाही. कारागिराचे स्वातंत्र्य हे धातूच्या मालकीत नव्हते. ज्याच्यासाठी आपण घडवितो तो माणूस समोर आहे, मजुरी त्याच्याशीच ठरते आणि बोलही त्याचाच लागतो, यात ते होते. संत नरहरी सोनारांनी मूस, हातोडी, ताजवा यांना अध्यात्माची रूपके केली, ती ऐकणाऱ्यांना ही हत्यारे प्रत्यक्ष परिचयाची होती म्हणूनच.

या व्यवस्थेला मोठा धक्का बसला तो १८९३ साली. १८३५ च्या कायद्याने रुपयाचे वजन १८० ग्रेन आणि त्यातील शुद्ध चांदी १६५ ग्रेन ठरली होती. कोणीही चांदी टांकसाळीत न्यावी आणि ठरावीक आकार देऊन तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. १८७६–७८ च्या दुष्काळात मोडलेल्या दागिन्यांची चांदी मुंबईच्या टांकसाळीत आली, ती याच वाटेने. पुढे जगाच्या बाजारात चांदी घसरू लागली. १८७० च्या सुमारास लंडनमध्ये औंसाला सुमारे ६० पेन्स असलेला भाव शतकाच्या अखेरीस ३० पेन्सांच्या खाली आला. रुपयाचा दर सावरण्यासाठी सरकारने जून १८९३ मध्ये ही मुभा काढून घेतली. रुपयाचा दर पुढे १ शिलिंग ४ पेन्सांवर स्थिरावला. पण स्त्रियांच्या पायांतील चांदी रुपयापासून तुटली. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत ज्यांनी दागिने मोडले, त्यांच्या हाती तोळ्यास तोळा रुपया येईना. सरकारी तिजोरीच्या सोयीची किंमत गरिबाच्या पेढीने भरली, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त होणार नाही.

दागिन्याचे हे नाणेपण गेल्यावर त्याचा बाजार व्यापाऱ्याच्या हाती जाणे ओघानेच आले. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे याचे ठळक उदाहरण. विसाव्या शतकात हातकणंगले तालुक्यातील या गावाने पैंजणांच्या बळावर देशभर नाव मिळविले. येथे हा धंदा एका जातीपुरता उरला नाही. अनेक समाजांतील कुटुंबे त्यात शिरली. चांदी मुशीत वितळवून कांब ओतावयाची, ती जंतराच्या उतरत्या छिद्रांतून ओढून तार काढावयाची, तारेच्या कड्या, कड्यांची साखळी, मग घुंगरू, झाळकाम आणि शेवटी ओप, अशी कामे घरोघर वाटली गेली. त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने सोन्याचे काम करणाऱ्या असंख्य कारागिरांवर बेकारी ओढवली. रुपे त्या नियमांबाहेर राहिले.

तथापि या भरभराटीत एक गोष्ट हरवली. व्यापाऱ्याची चांदी वजनाने घ्यावयाची, दागिना वजनाने परत करावयाचा, घट वजा जाता हाती उरेल ती मजुरी. घर आपले, हत्यारे आपली, पण गिऱ्हाईक आपले नाही. पैंजण कोणी घडविले हे ते घालणारीस कळत नाही. इंग्लंडमध्ये १३०० च्या कायद्याने चांदीच्या शुद्धतेची छाप आली, तर १३६३ च्या कायद्याने घडविणाऱ्याची खूणही आवश्यक झाली. आपल्याकडे टंच तपासला जातो. हात मात्र निनावी राहतो.

ते नाव कायदा देईल तेव्हा देवो. त्यांच्या शब्दांची नोंद करणे मात्र आपल्या हाती आहे. मूस, जंतर, झाळ, घट, ओप हे शब्द यंत्रकामाबरोबर मागे पडत आहेत. प्रत्येक शिक्षकाने आपल्या गावातील एका कारागिरापाशी बसून त्याची हत्यारे, दागिन्यांची नावे आणि घडविण्याचा क्रम लिहून घेतला, तर साहित्यसंस्थांच्या शब्दकोशांत भर पडेल आणि इतिहासालाही एक साक्षीदार मिळेल. बागेसरी विझल्यावर हे विचारावयास कोणाकडे जाणार?