मूठभर ज्वारीचं भांडवल

सातारा जिल्ह्यातल्या हायस्कुलात मी जन्मभर जमाखर्च शिकवला. त्यामुळे शिक्षण म्हणजे मनुष्यबळातली गुंतवणूक, असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, भांडवल कुणी घातलं?

आमच्या भागापुरतं उत्तर मला ठाऊक आहे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. ते आधी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेले. कुणब्याच्या घरात रोकड नसते, धान्य असतं, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून मागितलं तेही धान्यच. घराघरांतून मूठमूठ काढून ठेवायची, त्याचा मुष्टिफंड व्हायचा.

१९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी पोरं एका पंगतीला बसत आणि कामंही सगळी मिळून करत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. पण नावानं पोट भरत नाही. कोठी रिकामी झाली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. ही रक्कम कुठल्या खात्यावर टाकायची? देणगी म्हणावी तर पावती नाही, कर्ज म्हणावं तर परतफेड नाही.

१९४७ साली साताऱ्यात शिवाजी कॉलेज निघालं. तिथं 'कमवा आणि शिका'. खिशात पैसा नसलेला पोरगा अंगमेहनत करून शिकू लागला.

परतावा कुणाला मिळाला? संस्थेनं १९३५ मध्येच शिक्षकांचं ट्रेनिंग कॉलेज काढलं होतं. वसतिगृहात वाढलेली पोरं मास्तर होऊन खेड्यापाड्यांत गेली. गावानं धान्य दिलं, गावाला शाळा मिळाली.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली. त्यातून हजारो इंजिनियर झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र इथं भांडवल एकट्या बापाचं, कित्येकदा सातबाऱ्यावर बोजा चढवून काढलेलं. कर्जावर शिकलेला पोरगा आधी हप्त्याकडे बघणार. त्याला 'गावासाठी काय केलंस?' असं विचारायला गावाला तोंड कुठं आहे?

संस्था तेव्हाही खासगी होती, आजही खासगी आहे. फरक पडला तो भागीदारीत. ज्या शिक्षणात गावाची मूठभर ज्वारी नाही, त्याच्या नफ्यात गावानं वाटा मागू नये.