बोर्न, बॅश आणि एक अट

मंडळी, संगणकाला माउसने न खुणावता टाइप करून आज्ञा द्यायची, तर ती ऐकून घेणारा मध्यस्थ लागतो. त्याला शेल म्हणतात. १९७९ साली युनिक्सबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल आला. १९८९ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांसाठी ब्रायन फॉक्स यांनी त्याचा नवा अवतार लिहिला. नाव 'बॉर्न अगेन शेल', म्हणजेच बॅश. वर्गात आयुष्यभर श्लेष शिकवला, त्यामुळे ही कोटी मला फारच आवडली!

ॲपलच्या मॅकवर बरीच वर्षे बॅशच मुख्य शेल होता. पण तो ३.२ वर अडकला तो अडकलाच. २००९ मध्ये ४.० आली, २०१९ मध्ये ५.० आली, मॅकवर आपली ३.२च. हवा त्याला नवा बॅश स्वतः बसवून घेता येई, म्हणजे अडचण तांत्रिक नव्हती. बदलला होता तो परवाना. २००७ चा जीपीएलचा तिसरा परवाना म्हणतो, घरगुती यंत्रात हा कोड घालून विकलात, तर तो बदलून त्याच यंत्रावर चालवायची सोयही ग्राहकाला द्या. या परवान्यापायीच ॲपल थांबली असे जाणकार मानतात, मलाही तसेच वाटते.

फुकट मिळालेल्या वस्तूची एवढीशी अट जड व्हावी? नातू म्हणतो, "आजोबा, अट घातली तर ते दान कसलं?" आमचा वाद चालूच आहे.

असो. २०१९ च्या कॅटालिनात सैल परवान्याचा झेडशेल मुख्य झाला. जुना ३.२ मात्र काढला नाही, जुन्या आज्ञावल्यांसाठी आत तसाच ठेवला.