शिक्षणाचे अनुदान आणि सुरतेच्या शाळा

सुरतेलगतचे नवागाम हे एकेकाळचे खेडे आता शहराच्या पोटात गेले आहे. तापी खोऱ्यातील लोहमार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबारकडची हजारो कुटुंबे कापडाच्या धंद्याच्या आश्रयाने या भागात आली आणि येथील गल्ल्यांतून मराठी व अहिराणी सर्रास कानी पडू लागली. सुरतेची महानगरपालिका गुजरातीप्रमाणेच मराठी माध्यमाच्याही प्राथमिक शाळा चालविते. या शाळांचा खर्च एकाच थैलीतून होत नाही. त्यात नगराचा, राज्याचा आणि केंद्राचाही वाटा असतो. कोणी किती द्यावे आणि देणाऱ्याने हुकूम कितपत चालवावा, हा वाद मात्र फार जुना आहे. आणि त्याच्या इतिहासात सुरतेचे नाव ठळकपणे येते.

गुजरात विभागाचे शिक्षणनिरीक्षक थिओडोर होप यांनी 1858 मध्ये एक सूचना केली. शाळेसाठी गावाने स्वतःवर कर बसवून घ्यावा आणि कायद्याने तशी मुभा द्यावी, अशी ती सूचना होती. ती तेव्हा मान्य झाली नाही. हेच होप पुढे सुरतेचे कलेक्टर झाले. तापीवरील जुन्या पुलाला त्यांचेच नाव मिळाले. 1863 पासून मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकलफंड घेण्यास आरंभ झाला आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांकडे वळला. पैसा शेतकऱ्याचा, देखरेख साहेबाची, असा तो मामला होता.

मग आला लॉर्ड मेयो यांचा 14 डिसेंबर 1870 चा ठराव. तोवर प्रांतांना लहानसहान खर्चासाठीही कलकत्त्याच्या मंजुरीकडे डोळे लावून बसावे लागे. मेयो यांनी तुरुंग, पोलीस, रस्ते, वैद्यक यांबरोबर शिक्षणही प्रांतांकडे सोपविले आणि या साऱ्यांसाठी मिळून वर्षाला सुमारे 4 कोटी 68 लाख रुपयांची ठोक रक्कम नेमून दिली. उरले तर प्रांताचे, कमी पडले तर प्रांताने नवे कर बसवावेत. स्वातंत्र्य दिले खरे, पण रक्कम पूर्वीच्या खर्चापेक्षा कमी होती. शिवाय वाटणी पूर्वीच्या खर्चाच्या मानाने झाली. गरजेचे माप कोणी लावलेच नाही. ज्याने आधी पुष्कळ खर्चिले त्याला पुष्कळ, आणि जो काटकसरीने वागला तो तसाच कोरडा!

अनुदानाबरोबर निरीक्षक येतो, ही गोष्ट सुरतेला 1921 मध्ये फार महाग पडली. असहकाराच्या लाटेत अहमदाबाद, नडियाद व सुरत या नगरपालिकांनी शाळांसाठी मिळणारे सरकारी अनुदान नाकारले आणि सरकारी तपासणीही झुगारून दिली. पैसा घेत नाही, तर हुकूम का मानावा, हा त्यांचा सवाल होता. मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री त्या वेळी रँग्लर र. पु. परांजपे होते. लोकशिक्षणाचा कळवळा त्यांना कमी नव्हता. परंतु लोकांच्या शाळा सरकारच्या नियमांबाहेर जाऊ देणे शासनाला मानवले नाही. अनुदान नाकारले म्हणून कायद्याचे बंधन सुटत नाही, असे सरकारचे म्हणणे. सुरतेच्या सभासदांनी शाळांचा पैसा राष्ट्रीय शिक्षणाच्या संस्थेकडे वळविला, तेव्हा पेच विकोपाला गेला आणि 1922 मध्ये नगरपालिकाच बाजूला सारून कारभार सरकारनियुक्त समितीकडे देण्यात आला. राष्ट्रीय शाळांचा जोर पुढे ओसरला. सरकारची मदत नाकारणाऱ्या शाळेला लोकवर्गणीवर जगावे लागते आणि वर्गणीचा उत्साह हा पगाराच्या तारखेला नेहमीच हजर असतो असे नाही.

स्वातंत्र्यानंतर शिक्षण हा राज्यांचा विषय राहिला. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो केंद्र व राज्य यांच्या सामाईक यादीत गेला. 2001 मध्ये सर्व शिक्षा अभियान सुरू झाले, तेव्हा केंद्राने शंभरातले 85 रुपये द्यावेत असे ठरले. पुढे हा हिस्सा 75, मग 65, आणि 2015 पासून बहुतेक राज्यांकरिता 60 झाला. त्याच वर्षी चौदाव्या वित्त आयोगाच्या शिफारशीने केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा 32 टक्क्यांवरून 42 टक्क्यांवर गेला. बांधील पैसा थोडा, मोकळा पैसा अधिक, हे मेयो यांचेच सूत्र नव्या रूपात आले, असे म्हणण्यास हरकत नाही. मोकळा पैसा शाळेवरच पडेल याची हमी मात्र त्यात नसते. रस्ता आणि पूल शाळेपेक्षा लवकर नजरेत भरतात.

नवागामच्या मुलाची अडचण यापुढची आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि प्रत्येक स्थानिक संस्थेने करावा, असे घटनेचे 1956 मध्ये घातलेले कलम 350 क सांगते. कलम कर्तव्य सांगते, रक्कम सांगत नाही. वाटा राज्याच्या नावे येतो आणि मराठी बोलणारे हे मूल गुजरातच्या गणतीत बसते. म्हणून मराठी शिक्षक नेमणे, मराठी पुस्तके वेळेवर पोहोचविणे आणि पट घसरला तरी वर्ग चालू ठेवणे, हे अखेर सुरतेच्या शिक्षण समितीच्याच पदरात पडते.