वेठ, दर आणि वेतन

पगार हा आपला, म्हणजे आयटीवाल्यांचा, किती आवडता विषय आहे ते वेगळं सांगायला नको. अप्रेझलच्या महिन्यात कॅन्टीनमध्ये दुसरं काही ऐकूच येत नाही. कुणाला किती टक्के मिळाले, कुणाची ग्रेड बदलली, कुणाचं प्रमोशन म्हणजे नुसतंच नवं डेसिग्नेशन निघालं... पण या सगळ्या कुरकुरीत एक गोष्ट आपण धरूनच चालतो. आपलं नाव कंपनीच्या तक्त्यात कुठेतरी आहे. भांडण असतं ते कुठल्या ओळीत आहे यावरून.

ज्यांचं भांडणच "तक्त्यात आम्हाला ओळ द्या" एवढं आहे, त्यांच्याविषयी आज लिहितोय. विषय सार्वजनिक आरोग्यसेवेतल्या कर्मचाऱ्यांचा, आणि जागा पालघर जिल्ह्याची. ही जागा निवडायचं कारण असं, की कष्टाचे पैसे कसे मोजायचे यावरून झालेल्या भांडणाचे सगळे टप्पे या एका जिल्ह्यात दिसतात.

सुरुवात १९४५ पासून करू. तेव्हा पालघर जिल्हा नव्हता, सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. डहाणू, उंबरगाव या भागात वारली लोकांकडून जमीनदार वेठ घ्यायचे, म्हणजे बोलावलं की फुकट राबायला जायचं. लग्नासाठी कर्ज काढलं की नवराबायको दोघंही सावकाराचे "लग्नगडी" व्हायचे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचं अधिवेशन झालं आणि त्याच वर्षी मे महिन्यात झरी गावात वारल्यांची सभा भरली. वेठ करायची नाही, असं तिथे ठरलं. गोदावरी आणि शामराव परुळेकर या चळवळीच्या पुढे होते. गोदावरीबाईंनी हा सगळा इतिहास पुढे "जेव्हा माणूस जागा होतो" या पुस्तकात लिहिला. आपल्यापैकी अनेकांनी निदान नाव तरी ऐकलं असेल.

पण वेठ बंद झाली म्हणजे प्रश्न संपला असं नाही. फुकट राबायचं नाही, मग किती घेऊन राबायचं? या भागातलं गवत तेव्हा मुंबईच्या गोठ्यांना आणि तबेल्यांना जायचं आणि ते कापायचे वारली. त्यांनी दर मागितला, ५०० पौंड गवताला अडीच रुपये. त्यासाठी संप केला. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. दराची मागणी म्हणजे तेव्हा केवढी मोठी गोष्ट होती, ते यावरून कळतं. वेठेतून दरापर्यंत येणं हा पहिला टप्पा. कामाला किंमत आहे, हे तरी मान्य झालं.

पण दरात एक खोट असते. काम केलं तर पैसे. आजारी पडलात, पाऊस लांबला, काम आलंच नाही, तर शून्य. आणि वीस वर्षं गवत कापलं तरी दर पहिल्या दिवशी आलेल्या माणसाएवढाच. यातून बाहेर पडायचं तर दुसरा टप्पा लागतो, तो वेतनाचा.

इथे थोडं पालघर सोडून राज्यात आणि देशात फिरून येऊ. केंद्राचा पहिला वेतन आयोग वरदाचारियार यांचा. त्याने १९४७ मध्ये सगळ्यात खालच्या सरकारी कर्मचाऱ्याला महिना ५५ रुपये ठरवले, ३० मूळ वेतन आणि २५ महागाई भत्ता. रक्कम सोडा, पद्धत बघा. मूळ वेतन वेगळं, महागाई वेगळी. किमती वाढल्या तर पगाराची खरी किंमत घसरू नये यासाठी केलेली सोय आहे ही.

महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. ग्रामीण भागातली प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं त्यांच्याकडे गेली. तिथल्या नर्सबाई, आरोग्य सेवक, कंपाउंडर हे जिल्हा परिषदेचे कर्मचारी झाले, वेतनश्रेणीसह.

मग डिसेंबर १९७७ मध्ये राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा तो प्रसिद्ध संप सुरू झाला. र. ग. कर्णिक पुढारी, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री. सरकारी कर्मचाऱ्यांबरोबर जिल्हा परिषद कर्मचारी आणि शिक्षकही संपात होते. संप ५४ दिवस चालला. ५४ दिवस बिनपगारी! आपल्याकडे महिन्याच्या एक तारखेला पगार दुपारपर्यंत जमा झाला नाही तर एचआरला मेल जातात. मुख्य मागणी काय होती? महागाई भत्ता केंद्राच्या दराने द्या. बाजारात तूरडाळ काही "राज्याचा कर्मचारी" म्हणून स्वस्त मिळत नाही, असा साधा मुद्दा. संप मिटताना ही मागणी पदरात पडली नाही, पण १९७८ मध्येच पुलोद सरकारच्या काळात केंद्राच्या दराने महागाई भत्ता मान्य झाला.

या संपाबद्दल आजही दोन्ही बाजूंनी बोललं जातं. दवाखाने आणि शाळा बंद राहिल्याने सामान्य माणसाचे हाल झाले, हेही खरंच आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की संपात उतरलेला प्रत्येक जण तक्त्यात होता. तक्ता कसा चालवायचा, एवढाच वाद होता.

तो तक्ता आज कसा दिसतो? सातव्या वेतन आयोगानंतर महाराष्ट्रात एस-१ ते एस-३१ असे स्तर आहेत. जिल्हा परिषदेची आरोग्य सेविका एस-८ मध्ये, मूळ वेतन २५,५०० पासून. औषध निर्माण अधिकारी एस-१० मध्ये, २९,२०० पासून. प्रयोगशाळा तंत्रज्ञ एस-१३ मध्ये, ३५,४०० पासून. स्तराखाली एकाखाली एक घरं असतात. दर वर्षी एक घर पुढे, साधारण ३ टक्के. २५,५०० च्या पुढचं घर २६,३००, मग २७,१००. वर महागाई भत्ता आपोआप. शिवाय रजा, बाळंतपणाची रजा, बढतीचा मार्ग. म्हणजे ग्रेड ही नुसती रक्कम नाही, ती पुढच्या तीस वर्षांचं वेळापत्रक आहे. यात कुणाला भांडावं लागत नाही, कुणाची सही आणायला धावावं लागत नाही. डिफॉल्ट सेटिंगच तशी आहे.

आणि आता २००५ साल. १२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. त्यातून गावोगावी "आशा" आल्या. हजार लोकसंख्येमागे एक, आणि डोंगराळ आदिवासी भागात वस्तीनुसार. जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवर गरोदर बाईची पहिली नोंद करणारी, तिला दवाखान्यात आणणारी, बाळाचं वजन करायला परत परत घरी जाणारी बाई म्हणजे आशा. तिचं पद कागदावर आहे "स्वयंसेविका". तिला मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत. म्हणतात "मानधन" किंवा "मोबदला".

याचा हिशोब कसा, ते बघण्यासारखं आहे. ग्रामीण भागात जननी सुरक्षा योजनेतल्या एका प्रसूतीमागे ६०० रुपये, त्यातले ३०० आधीच्या तपासण्यांसाठी आणि ३०० दवाखान्यात प्रसूती झाली म्हणून. नवजात बाळाला घरी जाऊन बघण्याचे २५०. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत सहा भेटी, म्हणजे भेटीला साधारण ४२ रुपये. पाडा दोन डोंगर पलीकडे असला तरी तेवढेच.

ओळखीचं वाटतंय ना? ५०० पौंड गवताला अडीच रुपये. साठ वर्षांनी, त्याच मुलुखात, सरकारी आरोग्यसेवेत पुन्हा दर आला. वेठ नाही, हे मान्य. पण वेतनही नाही.

योगायोग बघा, त्याच वर्षी, १ नोव्हेंबर २००५ पासून, राज्याने नव्याने लागणाऱ्या कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन बंद केली. म्हणजे एकाच वर्षात तक्त्याच्या आतल्यांची एक सोय गेली आणि तक्त्याबाहेर एक मोठी फौज उभी राहिली. आतल्यांनी मार्च २०२३ मध्ये पेन्शनसाठी आठवडाभर संप केला. बाहेरच्यांचे संप वेगळे चालले.

आज ग्रामीण आरोग्यसेवेत तीन प्रकारच्या बायका शेजारी शेजारी काम करतात. एस-८ मधली कायम आरोग्य सेविका, अभियानातून कंत्राटावर आलेली आरोग्य सेविका आणि आशा. लस एकच, रजिस्टर एकच, बाळंतीण एकच. पैसे मोजायच्या पद्धती तीन.

बोईसरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. स्टेशनवर उतरणाऱ्या गर्दीत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तारापूर युनिटचा कर्मचारी असतो, ज्याचा पगार केंद्राच्या वेतन आयोगाने ठरतो. तारापूर एमआयडीसीतला परमनंट कामगार असतो, ज्याचा युनियनशी करार असतो. आणि ठेकेदाराचा माणूस असतो, ज्याला उद्या गेटवर घेतील की नाही ते उद्याच कळतं. तिथे मुलाचं स्थळ बघतानासुद्धा "परमनंट की कंत्राटी?" हा प्रश्न पगाराच्या आधी येतो. लोकांना बरोबर कळतं की रकमेपेक्षा जागा महत्त्वाची. ठेकेदारी कारखान्यात दिसली की आपण तिला नाव ठेवतो. सरकारच्या आरोग्य खात्यात ती मानधन या गोड शब्दाआड असते, एवढाच फरक.

असो. तर आशांच्या संघटनांनी काय मिळवलं? कोविडच्या काळात घरोघरी फिरून सर्वेक्षण केलं ते यांनीच. जून २०२१ मध्ये राज्यातल्या सुमारे ७० हजार आशांचा संप झाला. जुलैपासून हजार रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मिळाला, राज्याचा हिस्सा ३,५०० झाला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला. टाळ्या झाल्या. २०२३ च्या अर्थसंकल्पात राज्याचा हिस्सा ५,००० झाला. १८ ऑक्टोबर २०२३ पासून पुन्हा संप. आरोग्यमंत्र्यांनी ७,००० वाढीची घोषणा केली, संप थांबला, पण शासन निर्णय काही निघेना. १२ जानेवारी २०२४ पासून तिसऱ्यांदा संप, फेब्रुवारीत मुंबईच्या आझाद मैदानावर मुक्काम. मार्चमध्ये निर्णय निघाला तो ५,००० वाढीचा, नोव्हेंबर २०२३ पासून. राज्याचा हिस्सा १०,००० झाला.

तीन वर्षांच्या आत ही कमाई थोडी नाही. पण ३,५०० ते १०,००० या प्रवासात प्रत्येक पायरीला मोर्चा, मैदान किंवा निवडणुकीचं वर्ष लागलं. एस-८ मधल्या बाईला वर्षाला जे घर आपोआप मिळतं, त्यासाठी आशाला आझाद मैदानावर झोपावं लागतं. आणि महागाई भत्ता नसल्याने मिळालेले १०,००० दुसऱ्या दिवसापासून झिजायला लागतात. १९७७ ची मागणी इथे अजून पोचलेलीच नाही.

म्हणूनच संघटना रकमेबरोबर दर्जाही मागत राहतात. आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांची मागणी तर निदान "कंत्राटी कर्मचारी" म्हणा अशी आहे. आपण ज्या कंत्राटाला नावं ठेवतो, तीसुद्धा त्यांच्यासाठी वरची पायरी आहे!

सरकारची बाजूही ऐकायला हवी. आशा ही खात्याची नोकर नसावी, गावाची बाई असावी, अशी मूळ कल्पना होती. तिला कर्मचारी केलं तर शिक्षणाच्या अटी येतील, बदल्या येतील, आणि पाड्यावरची सातवी-आठवी शिकलेली बाई बाहेर पडेल. या शंकेत तथ्य आहे. पण बदली नसलेलं, स्थानिक, साध्या अटींचं पद तयार करणं काही अशक्य नाही. पोलीस पाटील त्याच गावचा असतो ना? खरी अडचण पैशाची आहे, आणि ती तशीच सांगितलेली बरी. बाईच्या सेवाभावाच्या नावावर ती खपवू नये.

कायदा हळूहळू सरकतोय. २०१३ मध्ये ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन द्या, अशी शिफारस केली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी लागू आहे असं सांगितलं आणि त्यासाठी त्यांचं मानधन हे वेतनच धरलं. हा निकाल आशांबद्दल नाही. पण मानधन म्हटलं की ते वेतन राहत नाही, ही सबब तिथे चालली नाही. कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी दहा वर्षं झालेल्यांना रिक्त पदांवर सामावून घ्यायचा निर्णय राज्याने मार्च २०२४ मध्ये घेतला, आणि तो अमलात यावा म्हणून त्यांना ऑगस्ट २०२५ मध्ये संपावर जावं लागलं.

आता केंद्राचा आठवा वेतन आयोग नेमला गेला आहे, न्या. रंजना देसाई अध्यक्ष आहेत. त्यामागोमाग राज्याचा तक्ताही नव्याने लिहिला जाईल. पेपरात किती टक्के, किती फिटमेंट फॅक्टर याची चर्चा रंगेल. तेव्हा आकड्यांबरोबर एक गोष्ट जरूर बघा, की मोखाड्याच्या पाड्यावर बाळाचं वजन करायला गेलेल्या बाईसाठी त्यात एखादी ओळ आहे का. वेठेतून दरापर्यंत यायला या मुलुखाने माणसं गमावली. दरापासून वेतनापर्यंतचं अंतर एका शासन निर्णयाचं आहे.