बिल्ला (धातूचा, छातीवर लावायचा)

बिल्ला : कोट, जाकीट, सदरा किंवा पदरावर, बहुधा छातीच्या डाव्या बाजूला टोचून लावायची धातूची लहान खूण. बोलण्यात ‘बॅच’ असेही म्हणतात. व्यास साधारणपणे १५ ते ४० मिमी., जाडी १ ते २ मिमी. फितीला लोंबणारे पदक आणि गणवेशावर शिवायची कापडी पट्टी यांची गणना बिल्ल्यात होत नाही. शाळा, महाविद्यालये, मंडळे, संघटना आणि कार्यालये स्वतःच्या चिन्हाचे बिल्ले मागणी देऊन घडवून घेतात. या नोंदीत मुख्यतः अशा बिल्ल्यांचा आणि त्यांच्या घडणीचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : भारतात बिल्ला आधी नोकरीची खूण म्हणून रुळला. इंग्रजी अमदानीत कचेरीतील शिपायाच्या खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्यावर कचेरीचे नाव कोरलेली पितळी चपरास असे. रेल्वे हमालाचा दंडावरचा पितळी बिल्ला, एसटी वाहकाचा छातीवरचा क्रमांकाचा बिल्ला आणि रिक्षाचालकाचा परवान्याबरोबरचा बॅच ही त्याच परंपरेची पुढची रूपे. ‘दीवार’ (१९७५) या चित्रपटातील ७८६ क्रमांकाच्या गोदी हमालाच्या बिल्ल्यामुळे ही वस्तू घराघरांत ओळखीची झाली. या सगळ्या बिल्ल्यांवर महत्त्व नावाला किंवा आकड्याला होते. चिन्ह आणि रंग नंतर आले. ते आणले स्काउट, राष्ट्रीय छात्रसेना (१९४८), राष्ट्रीय सेवा योजना (रासेयो, १९६९) आणि रोटरीसारखी सेवामंडळे यांनी.

महाराष्ट्रात ठशावर पत्रा उठवण्याची कला मात्र याहून पुष्कळ जुनी आहे. देवघरातील खंडोबाचा, भवानीचा टाक हा चांदीचा किंवा तांब्याचा पातळ पत्रा कोरीव ठशावर ठोकून तयार होतो. टाकामागे पोकळी राहते. बिल्ल्याचा पत्रा जाड असल्याने त्याची पाठ सपाट राहते. एवढा फरक सोडला तर सोनाराचा ठसा आणि आजच्या कारखान्यातला ठसा एकाच घराण्यातले आहेत. बिल्ल्यावरील इंग्रजी लेखनात या देशी धाग्याची दखल क्वचितच घेतलेली दिसते.

देशाबाहेर पाहता, युरोपात मध्ययुगातील यात्रेकरू शिसे-कथलाच्या ओतीव खुणा टोपीला लावत. चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६–७६) माओच्या प्रतिमेचे, मुख्यतः ॲल्युमिनियमचे, बिल्ले प्रचंड संख्येने निघाले.

लाखनी परिसर : मागणी कशी निघते याचे उदाहरण म्हणून एक गाव पाहू. लाखनी हे भंडारा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण नागपूर–रायपूर महामार्गावर (जुना क्र. ६, आता ५३) भंडारा व साकोली यांच्या दरम्यान आहे. अशा गावात बिल्ल्यांची मागणी शाळांच्या वर्गप्रमुखांसाठी, रासेयोच्या शिबिरांसाठी, स्नेहसंमेलनाच्या स्वयंसेवकांसाठी, पतसंस्थांच्या वर्धापनदिनासाठी आणि जयंत्यांच्या मिरवणुकांसाठी निघते. मागणी घेणारा बहुधा रबरी शिक्के आणि स्मृतिचिन्हे करणारा दुकानदार असतो. ठसा व दाबकाम मोठ्या शहरातून करून आणतात. अशोकचक्राचे निळे बिल्ले नागपूरला दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी पुस्तकांच्या व मूर्तींच्या दुकानांबरोबर मांडलेले दिसतात आणि तिथून ते गावोगाव येतात.

भंडारा शहराची ख्याती पितळी भांड्यांची. तेथील तांबटकाम हातोडीचे आणि चरकाचे आहे. पत्रा तापवून मऊ करायचा, ठोकून खोलवा द्यायचा, डाक देऊन सांधायचा. बिल्ल्यात ठोकणे बहुधा एकाच दणक्यात होते आणि सारे कौशल्य त्या दणक्याच्या आधीच्या कामात असते. तरीही पितळ ओळखण्याची, ते तापवून मऊ करण्याची आणि डाक लावण्याची जी जाण तांबटाकडे असते, तीच बिल्लेवाल्याला लागते. जिल्ह्यातल्या शाळांनी आपल्या बिल्ल्यासाठी ही जाण असलेला माणूस आधी जवळपास शोधावा.

ठसा : बिल्ल्याचा जीव ठशात असतो. चित्र आधी मोठे काढून त्यातील उठावाच्या आणि खोलगट जागा ठरवतात. पूर्वी चित्राचा मोठा नमुना घडवून त्यावरून पेंटोग्राफने लहान आकारात पोलादात खोदत. आता संगणकचलित यंत्र खोदते, पण कोपरे धारदार करण्यासाठी कसबी कारागिराची छिन्नी अजूनही फिरते. ठशात सर्व उलटे असते : बिल्ल्यावर जे उंच ते ठशात खोल, आणि अक्षरे आरशात पाहिल्यासारखी. खोदून झाल्यावर पोलाद लालबुंद तापवून तेलात विझवतात. त्याने ते काचेसारखे कडक, पण ठिसूळ होते. म्हणून पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. हा दुसरा ताप चुकला की ठसा दाबाखाली तडकतो.

दाबण्याआधी पितळाचा किंवा तांब्याचा पत्रा तापवून मऊ करतात. मग प्रेसखाली धातू ठशाच्या खाचांत अक्षरशः वाहतो. नाणे पाडण्याची क्रिया ती हीच. एका दणक्यात उठाव पुरा न आल्यास पत्रा पुन्हा तापवून दुसरा दणका देतात. नंतर दुसऱ्या कापणी ठशाने कडेचा जादा पत्रा उडवतात. चिन्हात आरपार भोके हवी असतील तर त्यांसाठी वेगळे पंच लागतात आणि खर्च चढतो.

ठशाचा खर्च एकदाच होतो. पन्नास बिल्ल्यांना आणि पाचशेंना ठसा एकच, म्हणून लहान मागणीत प्रत्येक बिल्ला महाग पडतो. चांगला ठसा जपून ठेवला तर तीच शाळा वर्षानुवर्षे त्यावरून बिल्ले काढू शकते. ठसा दुकानदाराकडे राहायचा की संस्थेकडे, हे आधी ठरवून लिहून घ्यावे. ठसा खोदणाऱ्याचे नाव बिल्ल्यावर, पेटीवर किंवा पावतीवर सहसा कुठेही येत नाही. नाणी पाडणाऱ्या अनेक टांकसाळींत खोदणाऱ्याची आद्याक्षरे नाण्यावर घालण्याची रीत आहे. बिल्ल्याच्या पाठीवर अशा आद्याक्षरांना जागाही भरपूर आहे.

देवनागरी आणि आरे : बिल्ल्यावरची उठावाची रेषा ०·२ ते ०·३ मिमी.पेक्षा बारीक असली तर ती दाबात नीट उठत नाही किंवा घासताना झिजते. रोमन लिपीची मोठी अक्षरे एका उंचीत बसतात. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय लागतात. मूळ अक्षर १·४ मिमी. ठेवले तर वर आणि खाली प्रत्येकी सुमारे ०·६ मिमी. धरून ओळीला २·६ मिमी. उंची द्यावी लागते. २० मिमी. व्यासाच्या बिल्ल्याच्या कडेने ‘जिल्हा परिषद प्राथमिक शाळा लाखनी’ असे गोलाकार लिहायचे ठरवले, तर अक्षरांच्या मध्यरेषेचा घेर सुमारे ५३ मिमी. भरतो. अक्षरे पंधरा आणि मधल्या जागा चार. म्हणजे दर अक्षराच्या वाट्याला २·८ मिमी. मजकूर बसतो, पण ‘ल्हा’ आणि ‘प्रा’ यांना त्यात अंग चोरावे लागते. मजकूर याहून लांब असेल तर व्यास २५ मिमी. करावा, अक्षरे दाबून बसवू नयेत. शिरोरेषा वर्तुळाला समांतर वाकवावी लागते. ती सरळ तुकड्यांची ठेवली की शब्द पायऱ्यांसारखे दिसतात. बिल्ल्याच्या खालच्या अर्ध्या भागात अक्षरांची डोकी केंद्राकडे करतात, कारण उलटे वाचायला लागणारे गावाचे नाव कुणालाच रुचत नाही.

चक्राच्या चिन्हांत आऱ्यांची अडचण येते. रोटरीच्या चाकाला २४ दाते आहेत, पण ते बाहेरच्या कडेला असल्याने सहज उठतात; आतले आरे सहाच. रासेयोचे चिन्ह कोणार्कच्या रथचक्रावरून घेतलेले, आठ आऱ्यांचे, लाल आणि गडद निळ्या रंगांत. लहान बिल्ल्यातही ते स्वच्छ येते. अशोकचक्राचे २४ आरे मात्र मध्याकडे एकत्र येतात. चक्राचा व्यास १५ मिमी. घेतला तर कडेला दोन आऱ्यांच्या मध्यांत जवळजवळ २ मिमी. अंतर मिळते. ६ मिमी. व्यासाच्या आतल्या वर्तुळावर तेच अंतर ०·८ मिमी.वर येते, त्यात आऱ्याची रेषा ०·३ मिमी. गेली की रंगाला उरते अर्धा मिमी. आणखी आत रंगाची सुई जातच नाही. आरे कमी करता येत नाहीत, म्हणून चक्राचा व्यास वाढवावा किंवा मधला तुंबा थोडा मोठा धरावा. घाईने केलेल्या स्वस्त बिल्ल्यांत तुंब्याभोवती निळ्या रंगाचा एकच डाग दिसतो, तो याच कारणाने.

मीना आणि रंग : खरा मीना म्हणजे रंगीत काचेची पूड. धातूवर उठवलेल्या कडांमधल्या खाचांत ओली पूड भरून ती सुमारे ७५० ते ८५० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत वितळवतात, थंड झाल्यावर पुन्हा भरतात, पुन्हा भाजतात आणि शेवटी दगडाने घासून धातू व काच एका पातळीत आणतात. निळा रंग कोबाल्टच्या ऑक्साइडाचा, हिरवा तांब्याचा. लाल रंग सर्वांत अवघड. असा बिल्ला पन्नास वर्षांनीही फिका पडत नाही. जयपूरची मीनाकारी याच तत्त्वाची, सोन्याचांदीवरची.

खऱ्या मीन्यासाठी तांबे, चांदी, सोने किंवा अगदी थोडे जस्त असलेले तांब्याचे मिश्रण लागते. नेहमीच्या पितळात जवळपास तिसरा हिस्सा जस्त असते. भट्टीच्या उष्णतेत ते बाहेर पडू लागते, काचेत फोड येतात आणि मीना सुटतो. पितळाच्या गावात राहूनही खरा मीना हवा असेल तर तांबेच घ्यावे लागते, ते या कारणाने.

बाजारात ‘हार्ड इनॅमल’ या नावाने मिळणारे बहुतेक बिल्ले काचेचे नसतात. त्यांत कृत्रिम राळेचा रंग कडेच्या वरपर्यंत भरून, मंद आचेच्या भट्टीत घट्ट करून घासतात. पृष्ठभाग सपाट, गुळगुळीत येतो आणि तो चांगला टिकतो. ‘सॉफ्ट इनॅमल’मध्ये रंग धातूच्या कडांपेक्षा खाली राहतो आणि बोट फिरवले की कडा लागतात. दोन्हींत रंग अजूनही पुष्कळदा हाताने, सुईच्या नळीने, एकेक खाच करून भरला जातो. मुलाम्याचा क्रमही उलटा : सॉफ्टमध्ये आधी मुलामा व मग रंग, हार्डमध्ये आधी रंग व घासणी आणि शेवटी मुलामा. हार्डच्या बिल्ल्यात कडेवर घासणीच्या खुणा न राहण्याचे कारण हेच.

सॉफ्ट बिल्ल्यावर पारदर्शक राळेचा फुगीर थेंब ओतण्याची पद्धत आहे. रंग सुरक्षित राहतो, परंतु उन्हाने काही वर्षांत राळ पिवळी पडते आणि उठावाचे सौंदर्य झाकले जाते.

ओतीव बिल्ले : जस्ताच्या मिश्रधातूचे (त्यात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम). हे मिश्रण ३८०–३९० अंशांच्या आसपास वितळत असल्याने साच्याला फार त्रास होत नाही. वितळलेला धातू दाबाने पोलादी साच्यात किंवा गरगर फिरणाऱ्या रबरी साच्यात भरतात. आरपार भोके, पुतळ्यासारखा गोलाईचा उठाव, किल्ल्याचा बुरूज असे आकार ओतीवात सोपे. बारीक अक्षरांत मात्र ओतीव बिल्ला दाबीव बिल्ल्याची बरोबरी करत नाही.

कोरीव (आम्लाने खाल्लेले) : पातळ पत्र्यावर प्रकाशसंवेदी थर देऊन चित्र छापतात आणि उघडा भाग फेरिक क्लोराइडने खाऊ देतात. ठसा लागत नाही. बारीक रेषा उत्तम येतात, उठाव उथळ.

छापील : रंगीत छायाचित्र थेट पत्र्यावर किंवा चिकटपट्टीवर छापून वर राळ. सर्वांत स्वस्त.

बटन-बिल्ला : पत्र्याची वाटी, छापील कागद, पारदर्शक चकती आणि पाठ हातप्रेसमध्ये एकत्र दाबून केलेला; अमेरिकेत १८९६च्या निवडणुकीपासून प्रसार.

फितीचा बॅच : सॅटिनच्या फितीचे फूल, मध्ये सोनेरी चकती, खाली लोंबत्या फितीवर ‘प्रमुख पाहुणे’, ‘स्वागताध्यक्ष’, ‘स्वयंसेवक’. व्याख्यानमाला, लग्ने, क्रीडामहोत्सव यांतली ही आवडती वस्तू. घडणीच्या दृष्टीने ती शिवणकामात मोडते.

मुलामा : निकेल, सोनेरी, काळा निकेल, जुनाट पितळी. सोनेरी मुलामा बहुधा निकेलवर सोन्याची किंवा सोनेरी रंगाची अतिपातळ झाक असते. लोखंडी पत्र्याच्या बिल्ल्यावर मुलामा ओरखडला की पहिल्याच पावसाळ्यात तांबेरा धरतो. घेताना चुंबक लावून पाहावे : चिकटला तर आत लोखंड आहे.

मागची टाचणी : सेफ्टी पिन वॉल्टर हंट याने १८४९ मध्ये पेटंट केली, शालेय बिल्ल्याच्या पाठीला आजही तिचीच धाकटी बहीण डाक देऊन लावतात. खिळा व फुलपाखरी चाप ही दुसरी तऱ्हा. एका खिळ्याचा बिल्ला फिरतो आणि चिन्ह तिरपे होते. म्हणून २५ मिमी.च्या पुढे दोन खिळे असावेत. पातळ सुती साडी व रेशमी पदर यांना चुंबकी पाठ बरी, कारण भोक पडत नाही. पेसमेकर बसवलेल्यांनी चुंबकी बिल्ला छातीवर लावू नये. बिल्ला हरवतो तो बहुतेक वेळा चापामुळे, आणि खर्चात काटकसरही नेमकी चापातच केली जाते.

कायदा : सिंहमुद्रा खासगी संस्थांना बिल्ल्यावर वापरता येत नाही (राज्यचिन्ह अनुचित वापर प्रतिबंध अधिनियम, २००५). काही नावे व चिन्हे १९५०च्या अधिनियमाने राखीव आहेत. भारतीय ध्वजसंहितेप्रमाणे (२००२) ध्वजावर कोणतीही अक्षरे घालायची नसतात. तिरंगा असलेल्या बिल्ल्यात संस्थेचे नाव पट्ट्यांच्या बाहेर, कडेला घ्यावे.  

मागणी देताना : चित्र रेषांत काढून द्यावे, मोबाइलमधील छायाचित्र देऊ नये. व्यास, जाडी, धातू, रंग, मुलामा, खिळे आणि संख्या एका कागदावर लिहावी. ठसा खोदण्यापूर्वी पूर्ण आकाराची छापील प्रत हातात घेऊन वाचावी आणि नावांचे शुद्धलेखन दोघांकडून तपासून घ्यावे. पोलादात गेलेली ऱ्हस्व वेलांटी दुरुस्त होत नाही, ठसा नवा करावा लागतो.

संग्रह : ओल्या कपाटात ठेवू नये. पितळी बिल्ल्याला पॉलिश लावताना रंगाच्या खाचा टाळाव्यात.